फॉरवर्ड केलेला शनी नको

"नासाचे इतके सुंदर फोटो फुकटात मिळत असताना तुम्ही हे धुरकट ठिपके कशाला काढत बसता?"

हा प्रश्न मला गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा विचारला गेलाय, की एकदाचं उत्तर लिहूनच ठेवावं म्हणते. विचारणारे काही परके नाहीत. भाचे आहेत, पुतण्या आहेत, जुने विद्यार्थी आहेत. कुणी काळजीनं विचारतं ("अगं मावशी, थंडीत गच्चीवर कशाला जातेस? सर्दी होईल."), कुणी गालातल्या गालात हसत विचारतं. प्रश्न मात्र तोच. शिवाय त्यामागचा विचारही तोच, आणि तो मला अजिबात मान्य नाही.

आधी माझं म्हणणं सरळ सांगते, मग भांडते. लहानशी दुर्बीण आणि घरातला साधा कॅमेरा यांनी आपण स्वतः काढलेला गुरूचा किंवा शनीचा फोटो हा पुरावा असतो. दुसऱ्यानं पाठवलेला कितीही देखणा फोटो हे आपल्यापुरतं चित्र असतं. आपल्या मुलांकडे चित्रं ढिगानं आहेत, पुरावा एकही नाही. आणि ज्या शाळांमध्ये दुर्बिणी आहेत, त्या शाळा त्या कपाटात कुलूपबंद ठेवून हा पुरावा मुलांपासून लांब ठेवतायत. झालं, एवढंच. आता एकेक आक्षेप घेऊ.

पहिला आक्षेप नासाचा. नासाचे फोटो मलाही आवडतात हो! कॅसिनी यानानं २००४ ते २०१७ अशी तेरा वर्षं शनीभोवती घिरट्या घालून जे फोटो पाठवले, ते मी तासन्‌तास पाहिलेत. २०१६ साली गुरूपाशी पोचलेल्या जुनो यानाच्या कॅमेऱ्याचे कच्चे फोटो नासानं सगळ्यांसाठी खुले केले, हे तर फार मोठ्या मनाचं काम. पण म्हणून आपण पाहायचं थांबवायचं? मग हाच न्याय सगळीकडे लावा ना! लताबाईंच्या रेकॉर्डी आहेत, तेव्हा नातीला गाण्याच्या क्लासला घालू नका. सचिनच्या खेळी यूट्यूबवर आहेत, तेव्हा नातवानं बॅटला हात लावू नये. तिथं असं कुणी म्हणत नाही. तिथं आपल्याला पटतं की स्वतः करून पाहण्यात काहीतरी आहे. आकाशाचा विषय निघाला की मात्र आपण सगळे एकदम प्रेक्षक होतो.

बरं, त्या धुरकट ठिपक्यात असतं तरी काय? सांगते. गुरू आपल्या जवळ असतो तेव्हा आकाशात त्याची रुंदी साधारण ४५ विकला दिसते. (पंचांग पाहणाऱ्यांना कला-विकला सांगायला नको, बाकीच्यांसाठी: एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला.) चंद्र सुमारे १,८०० विकला असतो. म्हणजे गुरू चंद्राच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढा. ऐकायला अगदीच चिमुकला. पण माझ्याकडे आहे तशी ११४ मिलिमीटर आरशाची आणि ९०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण घ्या, तिला १० मिलिमीटरची नेत्रिका लावा, की ९० पट मोठं दिसतं. आता करा गुणाकार. नुसत्या डोळ्यांनी चंद्र जेवढा दिसतो, त्याच्या दुपटीहून मोठा गुरू समोर येतो! त्यावरचे दोन मुख्य तपकिरी पट्टे दिसतात, आणि बाजूला एका ओळीत चार ठिपके. आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो.

७ जानेवारी १६१० च्या रात्री गॅलिलिओनं हेच पाहिलं. त्याला त्या रात्री तीनच ठिपके दिसले, चौथा काही दिवसांनी सापडला. त्याची दुर्बीण जेमतेम वीस पट मोठं दाखवणारी. आज दुकानात मिळणारी सगळ्यात स्वस्त धड दुर्बीणसुद्धा त्याच्या दुर्बिणीपेक्षा चांगली असते. त्याच्याकडे कॅमेरा नव्हता, म्हणून तो रोज चित्र काढून ठेवायचा. ठिपके रोज जागा बदलतात हे त्या ओळीनं लावलेल्या चित्रांवरून त्याला कळलं, आणि आकाशातलं सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरतं या समजुतीला तडा गेला. एका फोटोत हे दिसत नाही. नासाच्या एका अप्रतिम फोटोतही ते दिसणार नाही. ते दिसतं रोज एक असे पंधरा साधे फोटो ओळीनं मांडल्यावर.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मुलगा नववीत असताना मी त्याच्याकडून हे करून घेतलं. रोज संध्याकाळी आठ वाजता एक फोटो. महिन्याभरात ढग, लग्नकार्य, परीक्षा जाऊन एकोणीस फोटो मिळाले. मग त्यानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर चक्क पट्टी लावून प्रत्येक ठिपका गुरूच्या रुंदीच्या कितीपट लांब आहे ते मोजलं आणि आलेखाच्या कागदावर मांडलं. कॅलिस्टोची फेरी त्यानं सतरा दिवसांची काढली. खरी आहे सुमारे पावणेसतरा दिवसांची. एका संध्याकाळी तीनच ठिपके आले तेव्हा त्यानं मला फोन करून विचारलं, "आजी, चौथा कुठं गेला?" मी म्हटलं, "तूच सांग." दुसऱ्या दिवशी त्यानं आलेख पाहून सांगितलं की आयो गुरूच्या मागं गेला असणार. वरची दोन वाक्यं परत वाचा. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्या धड्यानं त्याला हा प्रश्न पडला असता? आणि उत्तर शोधायला नेटवर न जाता स्वतःच्या वहीकडे वळण्याचा आत्मविश्वास कुठून आला असता?

आयो गुरूच्या सावलीत केव्हा शिरतो याच्या वेळा पाहूनच १६७६ साली ओले रोमर या डॅनिश शास्त्रज्ञानं दाखवून दिलं, की प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो. पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना ग्रहणं उशिरा होत, जवळ येत असताना लवकर. त्या एका ठिपक्याच्या नोंदींतून प्रकाशाचा वेग मोजायची वाट निघाली. त्यामुळे "नुसते ठिपके" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

दुसरा आक्षेप सामानवाल्यांचा. "असल्या खेळण्यातून काही होत नाही हो. लाखभर रुपये घाला, मोटरवाला स्टँड घ्या, वेगळा कॅमेरा घ्या, मग बोला." हे म्हणणारे बहुतेक वेळा ज्ञानी असतात, पण त्यांच्या या एका वाक्यानं किती लोकांचा उत्साह मारला असेल, याचा त्यांनी कधी हिशेब केलाय का?

ग्रहांच्या बाबतीत एक गोष्ट समजून घ्या. दूरच्या दीर्घिकांचे, तेजोमेघांचे फोटो काढायला खरोखरच महागडं सामान आणि अंधारं आकाश लागतं, कारण त्यांचा प्रकाश फार मंद. ग्रह तसे नाहीत. त्यांच्यावर सूर्याचं ऊन पडलेलं असतं. गुरू सूर्यापासून आपल्यापेक्षा ५.२ पट लांब आहे, म्हणजे तिथलं ऊन आपल्या उन्हाच्या सत्ताविसाव्या हिश्श्याएवढं. तरीही ते ऊनच! त्यामुळे शहरातल्या गच्चीवरून, समोर रस्त्यावरचा दिवा असतानाही गुरू-शनीचे फोटो निघतात. प्रकाश कमी पडत नाहीच. उलट फोटो बिघडतो तो प्रकाश जास्त झाल्यानं. कॅमेऱ्याला काळं आकाश दिसतं, तो बिचारा उजेड वाढवत नेतो आणि ग्रहाचा पांढरा गोळा होतो. उपाय साधा: फोनच्या पडद्यावर ग्रहावर बोट टेकवायचं, उजेडाची पट्टी खाली ओढायची, पट्टे दिसेपर्यंत ओढत राहायची. (चार उपग्रह टिपायचे असतील तर मात्र उजेड वाढवायचा, तेव्हा गुरूचा गोळा झाला तरी बिघडत नाही.)

खरा शत्रू म्हणजे हवा. वाहत्या ओढ्याच्या तळाशी पडलेलं नाणं पाहिलंत कधी? नाणं जागेवरच असतं, पण पाणी हलतं म्हणून ते थरथरतं, लांबट होतं, मधेच क्षणभर अगदी स्वच्छ दिसतं. आपण हवेच्या ओढ्याच्या तळाशी उभं राहून वर पाहत असतो. तो स्वच्छ क्षण पकडायचा कसा? एकच फोटो काढला तर नशिबावर हवाला. म्हणून फोटो न काढता व्हिडिओ घ्यायचा. सेकंदाला ३० चित्रं धरली तर एका मिनिटात १,८०० चित्रं. त्यातली बरीचशी थरथरलेली, काही शे मात्र स्वच्छ. कॉम्प्युटरवर ती स्वच्छ चित्रं निवडून एकावर एक नेमकी बसवली, की एकट्या चित्रातले रवाळ दाणे नाहीसे होतात आणि पट्टे वर येतात.

ही युक्ती नवी नाही. अशी नशिबानं स्वच्छ मिळणारी चित्रं किती असतील याचं गणित डेव्हिड फ्राइड यांनी १९७८ साली मांडलं. २००० नंतरच्या काही वर्षांत हौशी मंडळींनी काय केलं, तर परदेशातल्या मुलांशी गप्पा मारायला घेतलेला वेबकॅम काढून दुर्बिणीच्या नळीत बसवला. 'रजिस्टॅक्स' आणि पुढं 'ऑटोस्टॅकर्ट' अशा फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमनी निवडीचं आणि रचण्याचं काम हलकं केलं. फिल्मच्या काळात मोठमोठ्या वेधशाळांनाही सहज मिळत नसत असे ग्रहांचे तपशील लोक घराच्या अंगणातून काढू लागले.

मोटरवाला स्टँड नसला तर? आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं, म्हणजे गुरू तीन सेकंदांत स्वतःच्या रुंदीइतका पुढं जातो. ९० पटीला तो नेत्रिकेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला दोन मिनिटं घेतो. ती दोन मिनिटं तुमची! ग्रह एका कडेला आणायचा, दुर्बीण सोडून द्यायची, व्हिडिओ सुरू करायचा आणि त्याला जाऊ द्यायचं. सरकणारा ग्रह मध्यभागी आणायचं काम प्रोग्रॅम करतो. फार वेळ घेऊनही उपयोग नसतो, कारण गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आतच फिरतो. दोन-तीन मिनिटांच्या पुढं गेलात तर पट्ट्यांवरचे ठिपके फरफटतात.

आणि कॅमेरा धरायचा कसा? मी सुरुवातीला पीव्हीसी पाइपचा एक तुकडा आणि तीन नटबोल्ट यांची पकड करून खिशातला जुना डिजिटल कॅमेरा नेत्रिकेसमोर बसवला. आता फोनसाठी तयार पकड मिळते. बटण दाबताना हलतं, म्हणून टायमर लावायचा. दुर्बीण गच्चीवर आणल्यावर तासभर तशीच ठेवायची म्हणजे आरसा बाहेरच्या हवेइतका गार होतो. दिवसभर तापलेल्या स्लॅबपेक्षा मातीचं अंगण बरं. ग्रह डोक्याशी जितका वर तितकी मधली हवा कमी. एवढंच शास्त्र आहे, आणि यातलं काहीही बी.ए. मराठी झालेल्या बाईला समजू नये इतकं अवघड नाही.

(एक गोष्ट मात्र ओरडून सांगते. दुर्बीण सूर्याकडे वळवायची नाही. क्षणभरही नाही, गंमत म्हणूनही नाही. डोळा कायमचा जातो. दिवसा मुलांच्या हाती दुर्बीण एकटी सोडायची नाही.)

उंचीवरून आठवलं. २०१८ ते २०२० या काळात गुरू आणि शनी दक्षिणेकडे होते. लंडनमधून ते क्षितिजावर जेमतेम सोळा-सतरा अंश चढत. आमच्या साताऱ्याहून पन्नास अंश! तिथले हौशी लोक धुक्याच्या आणि धुराड्यांच्या वरून वाकून फोटो काढत होते, आणि आपल्याकडे पावसाळा संपला की महिनोन्‌महिने डोक्यावर मोकळं आकाश. २१ डिसेंबर २०२० ला गुरू-शनी एकमेकांपासून अंशाच्या दहाव्या हिश्श्यावर आले, एकाच नेत्रिकेत दोन्ही मावत होते. अशी संधी आपल्या किती शाळांच्या दुर्बिणींनी घेतली? शाळा तेव्हा करोनामुळे बंद होत्या हे मान्य. पण त्याआधी आणि त्यानंतर?

सामानवाल्यांचे भाऊबंद म्हणजे दुकानदार. खोक्यावर छापतात "५२५ पट!" आणि आत ६० मिलिमीटरचं भिंग. भिंगाच्या व्यासाच्या मिलिमीटरमधल्या आकड्याच्या दुपटीपर्यंतच मोठं करण्यात अर्थ असतो, असा ढोबळ नियम आहे. ६० चे १२० पट. त्यापुढं चित्र मोठं होतं, पण तपशील वाढत नाही; कमी पाण्यात जास्त डाळ घातल्याचं सोंग. आईबाप खोक्यावरचा आकडा वाचून दुर्बीण घेतात, पोराला ५२५ पटीला थरथरणारा राखाडी डाग दिसतो, आणि दुर्बीण माळ्यावर जाते. ज्या दुर्बिणीतून ६० पटीला शनीचं कडं स्वच्छ दिसलं असतं, ती एका खोट्या आकड्यापायी अडगळ होते. हा आकडा छापणाऱ्यांना जाब विचारायला हवा, तो आपण विचारत नाही.

तिसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. २७ ऑगस्ट २००३ ला मंगळ जवळजवळ साठ हजार वर्षांत आला नव्हता इतका पृथ्वीजवळ आला. तेव्हा तो २५ विकला दिसत होता. ७५ पट मोठं करणाऱ्या दुर्बिणीतून तो नुसत्या डोळ्यांच्या चंद्राएवढा दिसेल, असं कुणीतरी लिहिलं. पुढं त्यातली दुर्बीण गळाली आणि "मंगळ चंद्राएवढा दिसणार" एवढंच उरलं. ते ई-मेलनं फिरलं, मग व्हॉट्सॲपवर आलं, आणि ऑगस्ट आला की दरवर्षी पुन्हा उगवू लागलं. शिकलेली माणसं पाठवतात. आमच्या नात्यातल्या इंजिनियरनी पाठवलंय (नाव घेत नाही, तो हे वाचेल). ज्यानं एकदा, फक्त एकदा, मंगळाचा फोटो काढायचा प्रयत्न केलाय आणि तो तांबूस कण किती लहान असतो ते पाहिलंय, त्याचं बोट 'फॉरवर्ड'वर जायच्या आधी थांबतं. त्याला कुणी विज्ञानाचं व्याख्यान द्यावं लागत नाही.

आता तर कॅमेराच खोटं बोलू लागलाय. मार्च २०२३ मध्ये एका फोनवेड्या गृहस्थानं चंद्राचं चित्र मुद्दाम धूसर करून कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावलं, खोलीत अंधार केला आणि लांबून एका नावाजलेल्या कंपनीच्या महागड्या फोननं त्याचा फोटो काढला. फोनमध्ये चंद्र आला तो विवरांसकट! पडद्यावर नसलेली विवरं फोननं आपल्याजवळच्या माहितीवरून भरली होती. गंमत वाटली? मला नाही वाटली. "मी काढलेला फोटो" या शब्दांचा अर्थ गेला ना त्यात. आणि आता तर चार शब्द लिहिले की कॉम्प्युटर कुठल्याही ग्रहाचा फोटो तयार करून देतो.

यावर एक चलाख भाचा म्हणाला, "मग मावशी, तूही शेकडो चित्रं एकावर एक रचतेसच की. तेही खोटंच." प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर देते. माझ्या फोटोतलं प्रत्येक चित्र त्या रात्री त्या ग्रहावरून आलेल्या प्रकाशाचं असतं. मी निवड करते, सरासरी काढते, कडा जरा उठावदार करते. आणि हे सगळं फोटोखाली लिहिते: तारीख, वेळ, दुर्बीण, किती चित्रांतून किती निवडली. बाहेरून एकही ठिपका आणत नाही. कुणीही त्याच रात्रीचा स्वतःचा फोटो शेजारी ठेवून माझा ठिपका तपासू शकतो. खरं-खोटं ठरवायची रेघ मी इथं ओढते.

आपल्या परंपरेत यासाठी फार सुंदर शब्द आहे: दृक्प्रत्यय. गणित डोळ्यांना पटलं पाहिजे. पंचांगात लिहिलेला ग्रह आकाशात तिथंच दिसला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात जुन्या पंचांगांतले ग्रह आणि आकाशातले ग्रह यांचा मेळ बसेना, तेव्हा केरूनाना छत्र्यांनी १८६० साली 'ग्रहसाधनांची कोष्टके' मराठीत लिहून काढली. पुढं लोकमान्य टिळकही दृक्प्रत्ययाच्या बाजूनं या वादात उतरले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी, तेही शिक्षकच, 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मोठा ग्रंथ लिहिला. ही माणसं "ग्रंथात लिहिलंय ना, मग झालं" असं म्हणाली नाहीत. आणि आपण? "व्हॉट्सॲपवर आलंय ना, मग झालं."

शनीचंच घ्या. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशी, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षं. तीन राशींची साडेसात. साडेसातीचा आकडा हा असा आकाशाकडे पाहणाऱ्या कुणातरी चिकाटीच्या माणसानं काढलेला आहे! आज त्या आकड्याची भीती बाळगणारे लाखो आहेत आणि शनी प्रत्यक्ष पाहिलेले मोजके. श्रद्धेवर मला इथं बोलायचं नाही. तेल घालायचं तर घाला. पण ज्याला इतकं भ्यायचं त्याचं तोंड तरी पाहून ठेवा! माझ्या गच्चीवर शनी पाहून घाबरलेला एकही माणूस मला आठवत नाही. सगळे एकच वाक्य बोलतात: "अय्या, खरंच कडं आहे!"

त्या कड्याचे फोटो तर वर्षानुवर्षं घ्यावेत. २०१७ मध्ये ते पुरतं उघडं होतं. मग दरवर्षी मिटत गेलं, मार्च २०२५ मध्ये आपल्याला कडेनं आलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा जवळजवळ रेघ झालं. माझ्याकडे दरवर्षीचा एक असे फोटो ओळीनं आहेत. एकही फोटो धड नाही म्हणा हवं तर. पण ओळ पाहिली की शनी कलता राहूनच सूर्याभोवती फिरतो, हे न सांगता कळतं. गॅलिलिओला १६१० मध्ये शनीच्या दोन बाजूंना दोन गोळे वाटले, दोन वर्षांनी ते दिसेनासे झाले आणि तो चक्रावला. ते सपाट कडं आहे, हे ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९ मध्ये जाहीर केलं. पन्नास वर्षांचं कोडं! आपल्या मुलाला ते पाच-सहा फोटोंत सुटतं.

आता शाळा. मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला, शाळा मला आतून माहीत आहे. दुर्बीण येते. अनुदानातून येते, माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून येते. हार घालून फोटो निघतो. मग जडवस्तू संग्रह नोंदवहीत तिची नोंद होते, आणि त्या क्षणी ती खरोखरच जडवस्तू होते. कपाटात कुलूप. "मुलं भिंग फोडतील. जबाबदारी कुणाची?" मी एका शाळेत (नाव नको) अशी दुर्बीण पाहिली, जिच्या नेत्रिकांची प्लास्टिकची पिशवी कंपनीनं चिकटवली तशीच होती. तपासणीला अधिकारी आले की ती टेबलावर यायची. मला विचाराल तर फुटलेली दुर्बीण परवडली; निदान कुणीतरी तिला हात लावलेला असतो.

मुख्याध्यापकांच्या अडचणी खोट्या नाहीत. रात्री मुलींना थांबवायचं कसं, शिपाई कोण थांबणार, वीजबिल कोण भरणार. पण ग्रहांना मध्यरात्र लागत नाही. शुक्र मावळतीला असला तर दिवेलागणीलाच दिसतो आणि चंद्रासारख्या कला दाखवतो. गुरू-शनीची प्रतियुती होऊन गेली की पुढं काही महिने ते संध्याकाळी सातला आकाशात असतात. वर्षात एक पालकसभा सकाळऐवजी संध्याकाळी घ्या. पालक येतीलच, मुलींना तेच घरी नेतील, आणि पालकांनाही शनी दिसेल. ज्यांना मदत हवी त्यांच्यासाठी पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. मुलांच्या घरात फोन आहेतच. ज्या फोनवर आपण दिवसभर चिडतो, तोच त्या संध्याकाळी वेधशाळेचा कॅमेरा होतो.

"पण सगळीच मुलं काही शास्त्रज्ञ होणार नाहीत." हो, नाहीच होणार. माझ्या वर्गातली सगळी कवीही झाली नाहीत, तरी मी कविता शिकवलीच ना? शास्त्रज्ञ होण्यासाठी हे नाही. समोर आलेल्या चित्राला "हे कुणी काढलं, केव्हा काढलं, कशानं काढलं" असं विचारायची सवय लागावी, यासाठी आहे. हे तीन प्रश्न विचारणारा माणूस पुढं वाणी झाला, वकील झाला, नाहीतर सरपंच झाला, तरी त्याला फसवणं अवघड जातं. आणि हे प्रश्न विचारायचे असतात हे त्यालाच उमगतं, ज्यानं कधीतरी स्वतःच्या फोटोखाली त्यांची उत्तरं लिहिली आहेत.

तेव्हा मागणी अशी. ज्यांच्या ओळखीत शाळा आहे, त्यांनी जाऊन विचारा: तुमच्याकडे दुर्बीण आहे का, आणि तिच्यातून शेवटचं कुणी कधी पाहिलं? ज्यांच्या माळ्यावर दुर्बीण पडली आहे, त्यांनी ती खाली काढा, ५२५ पटीची नेत्रिका फेकून द्या आणि मोठ्या आकड्याच्या नेत्रिकेनं, म्हणजे २० नाहीतर २५ मिलिमीटरच्या, सुरुवात करा. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू १० तारखेच्या आणि मंगळ १९ तारखेच्या सुमारास प्रतियुतीला आहेत, दोघेही सिंह राशीत. तेव्हाचा मंगळ फक्त १४ विकला असेल, २००३ च्या निम्म्याहून थोडा जास्त. मुलांना दोघांचा फोटो एकाच नेत्रिकेतून काढू द्या आणि पट्टीनं मोजू द्या.

आणि तो फोटो मला पाठवा. धुरकट असला तरी चालेल. फक्त खाली तारीख, वेळ आणि काढणाऱ्याचं नाव हवं. नसेल तर मी तो फॉरवर्ड समजेन आणि उत्तर देणार नाही. असो.